चांचेपट, आंग्रे आणि शिडाच्या जहाजांची भाषा

१. विषयप्रवेश

जुनीं दप्तरें, ताम्रपट व शिलालेख यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पृष्ठांत चित्रपटांचा उल्लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल, व कांहींस तो अप्रशस्तही वाटेल. आम्हांसही चित्रपटांचें वेड नाहीं. परंतु मागें एकदां नातवाच्या आग्रहास्तव एक आंग्ल चित्रपट पाहण्याचा प्रसंग आला, आणि त्यांतील एका पात्राचें नांव ऐकून आम्ही चपापलों. 'पायरेट्स ऑफ दि कॅरिबियन' या मालेंतील तो तिसरा चित्रपट, तो इ. स. २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जगांतील चांच्यांच्या नऊ अधिपतींची सभा भरते. त्या सभेंत हिंदी महासागराचा म्हणून जो अधिपति बसला आहे, त्याचें नांव 'सुंभाजी अँग्रिया' असें आहे. हा पुरुष सभेंत स्वतः बोलत नाहीं. त्याचे सेवक त्याच्या वतीनें बोलतात. अखेरीस युद्धाचा ठराव होतो तेव्हां तो एकदांच तोंड उघडतो, आणि त्याचा बारीक किनरा आवाज ऐकून प्रेक्षक हंसतात.

नातवानें विचारलें, "आजोबा, हा आपलाच का?" या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंही देतां येईना व 'नाहीं' असेंही देतां येईना. कान्होजी आंग्रे सरखेल यांचे पुत्र संभाजी आंग्रे, ज्यांनीं डिसेंबर १७३५ मध्यें इंग्रज कंपनीचें 'डर्बी' नांवाचें मोठें जहाज पाडाव केलें व जे इ. स. १७४२ त निवर्तले, त्यांच्याच नांवाची ही सावली आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या आरमारांत रोज शेंकडों आज्ञा सुटत, ज्याच्या दप्तरांत पत्रें लिहिलीं जात, त्यास मुका करून बसविलें आहे, ही गोष्ट मनास लागली. तो कोणत्या भाषेंत बोलत असेल? त्याच्या गुराबेवर शीड चढवितांना कोणते शब्द उच्चारले जात असतील? आणि ते शब्द आज आम्हां कागद वाचणारांस तरी समजतात काय? या तीन प्रश्नांचा यथामति विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

२. चित्रपटांतील चांच्याची बोली

प्रथम परकीय पक्ष पाहूं. चांच्यांवरील चित्रपट आधीं मुके होते. डग्लस फेअरबँक्स याचा 'दि ब्लॅक पायरेट' हा इ. स. १९२६ चा चित्रपट रंगीत होता, पण त्यास वाणी नव्हती. पुढें १९३५ त एरोल फ्लिन याचा 'कॅप्टन ब्लड' आला. तो साबातिनी याच्या १९२२ च्या कादंबरीवर रचलेला होता. त्यांतील नायक सुशिक्षित वैद्य असल्यामुळें तो सभ्य इंग्रजी बोलतो. आज जिला जगभर 'चांच्यांची बोली' समजतात, ती याहूनही अर्वाचीन आहे. स्टीव्हन्सन याची 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी १८८३ त पुस्तकरूपानें निघाली. तिच्यावरील १९५० च्या चित्रपटांत रॉबर्ट न्यूटन या नटानें लंगड्या सिल्व्हरची भूमिका केली. न्यूटन हा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यांत जन्मलेला. त्यानें आपल्या मुलुखाचा रकार घोळविणारा उच्चार अधिकच ठसठशीत करून वापरला. तो प्रेक्षकांस इतका रुचला कीं, त्यानंतरच्या प्रत्येक चांच्यानें तोच घोळविला.

यांत सत्याचा अंश नाहीं असें नव्हे. कादंबरीचा आरंभ इंग्लंडच्या पश्चिम भागांत होतो, सिल्व्हरचें पानगृह ब्रिस्टल बंदरीं आहे, आणि त्या किनाऱ्यावरून पुष्कळ दर्यावर्दी निपजले. परंतु खऱ्या चांच्यांच्या जहाजांवर वेल्श, आयरिश, डच, आफ्रिकी असे नानादेशचे लोक एकत्र असत. एका नटाच्या जिभेवरून तीन शतकांच्या लोकांची भाषा ठरविणें हें एका मोडी पत्राच्या वळणावरून सर्व पेशवाईचें लेखन ठरविण्यासारखें आहे.

उच्चाराहून शब्दांची गोष्ट अधिक महत्त्वाची. शिडाच्या जहाजाची इंग्रजी ही बाहेरच्यास फसविणारी भाषा आहे. 'शीट' म्हणजे कापड असें कोणीही समजेल. पण जहाजावर 'शीट' म्हणजे शिडाचें खालचें टोंक आवळून धरणारी दोरी. 'अव्हास्ट' ही आज्ञा डच भाषेंतील 'घट्ट धर' अशा अर्थाच्या शब्दांपासून आली. 'स्टारबोर्ड' म्हणजे उजवी बाजू. पूर्वीं सुकाणूचें वल्हें उजवीकडे बांधीत, त्यावरून हें नांव पडलें. डाव्या बाजूस 'लार्बोर्ड' म्हणत. परंतु वाऱ्याच्या गोंगाटांत दोन्ही शब्द सारखेच ऐकूं येत, म्हणून ब्रिटिश आरमारखात्यानें १८४४ त 'लार्बोर्ड' काढून 'पोर्ट' हा शब्द लावून दिला. याहूनही मौजेची गोष्ट सुकाणूच्या आज्ञेची. सुकाणूचा दांडा उजवीकडे लोटला म्हणजे जहाज डावीकडे वळतें. जुन्या इंग्रजी रिवाजांत आज्ञा दांड्याची असे, जहाजाची नसे. म्हणजे 'उजवीकडे' असें ओरडल्यावर जहाज डावीकडे जाई. हा रिवाज ब्रिटिश जहाजांवर १९३३ पासून बदलला. ज्यास हें ठाऊक नाहीं, त्यास त्यापूर्वींच्या जहाजांच्या रोजनिशा उलट्या समजतील.

तात्पर्य, शब्द ओळखीचा असला म्हणजे अर्थही ओळखीचा असतो, असें नाहीं. हा नियम आमच्या दप्तरांस तंतोतंत लागू पडतो.

३. पश्चिम किनाऱ्यावरील शब्दसंपत्ति

संस्कृताचे अभ्यासक म्हणून आमची प्रथम धांव अमरकोशाकडे गेली. वारिवर्गांत डोलकाठीस कूपक व गुणवृक्षक, वल्ह्यास क्षेपणी, सुकाणूस अरित्र, पाणी उपसण्याच्या भांड्यास सेकपात्र, अशीं नांवें दिलीं आहेत. कौटिल्याच्या नावध्यक्षप्रकरणांत महानौकेवरील शासक, निर्यामक, दात्र व रश्मि धरणारे आणि पाणी उपसणारे उत्सेचक यांचा निर्देश आहे. ही परंपरा मोठी आहे यांत संशय नाहीं. परंतु ती हातांत घेऊन आंग्र्यांच्या काळचा कागद वाचावयास बसलें तर एक ओळही पुढें सरकत नाहीं. तारूं व तरांडें हे शब्द संस्कृत 'तॄ' धातूच्या कुळांतले म्हणून ओळखूं येतात. बाकीची सभा निराळीच आहे.

ती सभा अरबी समुद्राच्या सर्व किनाऱ्यांची मिळून झालेली आहे. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'. सारंग हा फारशी 'सरहंग', म्हणजे नायक. दर्या व बंदर फारशी. नाखवा हा 'नाखुदा' शब्दाचा अवतार. त्यांतील पहिलें पद 'नाव' हें फारशींतील असून संस्कृत 'नौ' शब्दाचें सख्खें भावंड आहे. गुराब हें अरबी 'घुराब', म्हणजे डोमकावळा. इंग्रजांनीं त्याचेंच 'ग्रॅब' केलें. तांडेलाचें त्यांनीं 'टिंडल' केलें. गलबताचा संबंध पोर्तुगीज 'गालेओता' या शब्दाशीं जोडला जातो, व इंग्रजींत तें 'गॅलिव्हॅट' झालें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें जें प्रकरण आहे, त्यांत 'फरगात' हा शब्द येतो. तो पोर्तुगीज 'फ्रागाता', म्हणजे इंग्रजांचें 'फ्रिगेट'. राज्याचें स्वतंत्र अंग म्हणून आरमाराचा गौरव करणाऱ्या त्या ग्रंथकारास परकीय शब्द वापरतांना संकोच वाटला नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

हा व्यवहार एकमार्गी नव्हता. पुढें इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येनें चाकरीस राहूं लागले, तेव्हां गोऱ्या अधिकाऱ्यांस त्यांची भाषा शिकणें भाग पडलें. थॉमस रोबक यानें त्यासाठीं इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश रचून तो १८११ त प्रसिद्ध केला, व जॉर्ज स्मॉल यानें त्याची सुधारलेली आवृत्ति १८८२ त 'लस्करी' कोश या नांवानें काढली. त्या बोलींत जहाजाच्या उजव्या बाजूस 'जमणा' म्हणत. हा गुजरातीचा शब्द. पुढच्या डोलकाठीस 'त्रिकट' म्हणत. हा पोर्तुगीज 'त्राकेत'. मागच्या डोलकाठीस 'कलमी' म्हणत; हा आमच्या कोंकणांतही आढळणारा शब्द. एकाच दोरीस हात घालणाऱ्या दहा माणसांच्या मातृभाषा पांच असल्या तरी आज्ञा एकच असावी लागते. त्या गरजेंतून ही भाषा घडली. चित्रपटांतील चांच्याची बोली एका नटानें घडविली; ही बोली वाऱ्यानें आणि कामानें घडविली.

४. एक कबुली

येथें आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगणें कर्तव्य आहे, कारण त्यावरून संग्राहकांस सावध होतां येईल.

पुष्कळ वर्षांपूर्वीं किनाऱ्यावरील एका घराण्याच्या रुमालांतील एक मोडी याद आम्हीं उतरून घेतली होती. तींत 'पठाण' नवा घातल्याचा, 'कलमी' एक असल्याचा, व 'पगार' दोन असल्याचा उल्लेख होता. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें समासांत टीप लिहिली कीं, नवीन पठाण शिपाई चाकरीस ठेवला, आंब्याचें एक कलम लाविलें, व दोन महिन्यांचें वेतन दिलें. 'नांगर' हा शब्दही जवळच होता, त्यामुळें ही याद शेतीवाडीची आहे याविषयीं आमच्या मनांत किंतु उरला नाहीं. ती आम्हीं वतनी कागदांच्या जुडग्यांत बांधून ठेवली.

पुढें सुवर्णदुर्ग पाहण्यास हर्णें येथें गेलों असतां बंदरावर एका वृद्ध तांडेलाशीं बोलणें निघालें. सहज म्हणून ती याद त्यास वाचून दाखविली. तो बराच वेळ हंसला, व म्हणाला, "मास्तर, हा पठाण कोणी माणूस नव्हं, तारवाचा कणा हा." मग त्यानें किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीपाशीं नेऊन सर्व अवयव हात लावून दाखविले. तळाचें लांब लांकूड तें पठाण. पुढचें निमुळतें तोंड ती नाळ. शीड ज्या आडव्या काठीस बांधतात तें परभाण. कलमी म्हणजे मागची लहान डोलकाठी. पगार म्हणजे मोठ्या गलबताबरोबर असणारी लहान होडी. आमची शेतीवाडीची याद म्हणजे एका तारवाच्या डागडुजीची याद होती!

त्या दिवसापासून आम्हीं कांहीं शब्दांची स्वतंत्र टांचणी ठेवली आहे. नांगर हा त्यांत पहिला. शेताचा नांगर संस्कृत 'लांगल' शब्दापासून आला. जहाजाचा नांगर फारशी 'लंगर' शब्दापासून. दोन निराळ्या मुलुखांतून निघालेले दोन शब्द मराठींत येऊन एकरूप झाले, आणि आज एकाच अक्षरांनीं लिहिले जातात. 'पगार' या शब्दाचा वेतन हा अर्थ पोर्तुगीजांकडून आला. जुन्या कागदांत त्या अर्थीं मुशाहिरा, तैनात हे शब्द भेटतात. यास्तव दर्याकिनाऱ्याच्या यादींत 'पगार' दिसल्यास प्रथम होडीची शंका घ्यावी. 'मतलई' म्हणजे रात्रीं भूमि निवाल्यावर पहांटेच्या सुमारास जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा; गलबतें बंदराबाहेर काढावयास तो उपयोगी. घाईनें लिहिलेल्या मोडींत हा शब्द 'मतलबी' असा वाचला जाण्याचा संभव फार, व तसें वाचलें म्हणजे निर्मळ हवेच्या बातमीचें विनाकारण राजकारण होतें.

५. चांचा कोणास म्हणावें?

आतां मूळ प्रश्न. 'चांचा' हा शब्द काठेवाडच्या किनाऱ्यावरील चांच या ठिकाणच्या लुटारूंवरून पडला असें मानतात. म्हणजे ज्यास आम्ही चांचा म्हणत होतों तो निराळाच होता. इंग्रज कंपनीच्या पत्रांतून मात्र आंग्र्यांस सर्रास तीच पदवी मिळाली, व तेथून ती चित्रपटांपर्यंत पोंचली.

खरे चांचे आमच्या समुद्रांत नव्हते असें नाहीं. इ. स. १६९५ त हेन्री एव्हरी या इंग्रजानें औरंगजेबाचें 'गंज-इ-सवाई' हें मक्केहून परतणारें जहाज लुटलें. कॅप्टन किड यानें १६९८ त मलबार किनाऱ्यावर 'क्वेदा मर्चंट' हें जहाज धरलें, व त्याबद्दल त्यास १७०१ त लंडनमध्यें फांशीं देण्यांत आलें. यांच्या मागें मुलूख नव्हता, व दप्तर नव्हतें.

कान्होजी आंग्र्यांची गोष्ट तशी नव्हती. त्यांची 'सरखेल' ही पदवी छत्रपतींच्या राज्यांतील होती, बाळाजी विश्वनाथ यांच्या मार्फत झालेल्या तहानें ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले. त्यांच्या हद्दींतून जाणाऱ्या जहाजानें त्यांचें दस्तक घ्यावें, न घेतल्यास जहाज पाडाव व्हावें, असा त्यांचा दंडक होता. हा दंडक त्यांनीं शोधून काढला नव्हता. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकापासून 'कार्ताझ' नांवाचें असेंच परवानापत्र सर्वांवर लादीत आले होते, व त्यांस कोणी चांचे म्हटलें नाहीं.

येथें कौटिल्याचें स्मरण होतें. नावध्यक्षानें कोणत्या नौकांचा नाश करावा हें सांगतांना तो तीन प्रकार वेगळे मोजतो: हिंस्रिका, म्हणजे लुटारू नौका, शत्रूच्या देशास जाणाऱ्या नौका, आणि बंदराचे नियम मोडणाऱ्या नौका. शासन एकच असलें तरी नांवें तीन आहेत. दस्तकाशिवाय जाणारें जहाज धरणारा सरखेल हा या विभागणीप्रमाणें नावध्यक्षाच्या बाजूस बसतो, हिंस्रिकेच्या बाजूस नव्हे.

तथापि प्रतिपक्षही नीट मांडला पाहिजे. इ. स. १७१२ त मुंबईच्या गव्हर्नराची नौका कान्होजींच्या गलबतांनीं धरली, तेव्हां त्या झटापटींत कारवारच्या वखारीचा मुख्य मारला गेला, व त्याची तरुण पत्नी कैद होऊन पुढें तीस हजार रुपयांच्या खंडणीवर सुटली. त्या स्त्रीस दस्तक आणि कार्ताझ यांतील साम्य समजावून सांगण्यांत अर्थ नव्हता. आमच्या अभिमानासाठीं असले प्रसंग झांकून ठेवणें हा इतिहास नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'चांचा' हा शब्द निकाल आहे, पुरावा नव्हे. आणि निकाल देण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचे कागद त्यांच्या त्यांच्या भाषेंत वाचले पाहिजेत.

जहाजांची रचनाही याच बाजूनें साक्ष देते. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या जहाजांचें वर्णन करून ठेविलें आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणें गुराबेस बहुधा दोन व क्वचित् तीन डोलकाठ्या असत. तीन काठ्यांची गुराब सुमारें ३०० टनांची, दोन काठ्यांची सुमारें १५० टनांची. पाणी थोडें लागावें म्हणून ती रुंद व उथळ बांधीत. तिची नाळ पुढें लांब निघालेली असून तिच्या मागील पडदींतून दोन मोठ्या तोफा सरळ पुढें रोखलेल्या असत. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर. त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला म्हणजे इंग्रजांचें उंच जहाज जागच्या जागीं खिळे; तेव्हां गलबतें वल्ह्यांच्या बळानें गुराबेस ओढून त्याच्या पिछाडीस आणीत, जेथें त्याच्या तोफा थोड्या. आज्ञापत्रांतही मध्यम मापाच्या गुराबा व गलबतें बांधावीं, वाऱ्याविना निरुपयोगी होणाऱ्या थोर जहाजांच्या भरीस पडूं नये, असाच उपदेश आहे. किनाऱ्याचा, वाऱ्याचा व शत्रूच्या बांधणीचा असा एकत्र विचार करून तो राजनीतींत लिहून ठेवणें हें लुटारूंच्या टोळीचें काम नव्हे.

६. उपसंहार

फेब्रुवारी १७५६ त, शके १६७७ मध्यें, इंग्रजांच्या तोफांनीं विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचें आरमार जळालें. त्या मोहिमेंत पेशव्यांचें सैन्य इंग्रजांच्या साह्यास होतें, हें शल्य सर्वश्रुत आहे. लांकूड जळालें, शब्द मात्र कोळी, भंडारी व दालदी नाविकांच्या तोंडीं पुढेंही जिवंत राहिले. विसाव्या शतकांत होड्यांस यंत्रें बसलीं, शीड उतरलें, आणि शिडाबरोबर त्याचे शब्दही उतरूं लागले. नाळ व सुकाणू आजही आहेत, कारण त्या वस्तु आहेत. परभाण व कलमी यांस आतां वस्तूचा आधार उरला नाहीं. ते केवळ म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणांत आहेत. हर्णें येथील तो तांडेल आज हयात नाहीं.

म्हणून या पत्राच्या वाचकांस दोन विनंत्या आहेत. पहिली अशी कीं, आपल्या संग्रहांतील किनारपट्टीच्या रुमालांत शेतीवाडीच्या म्हणून ठेवलेल्या यादी पुन्हां एकदां काढून पाहाव्या. नांगर, पठाण, कलमी, पगार यांपैकीं दोन शब्द एके ठिकाणीं आढळल्यास ती याद जहाजाची समजून वाचून पाहावी. दुसरी अशी कीं, ज्यांचें किनाऱ्यावर जाणें-येणें आहे त्यांनीं वृद्ध दर्यावर्दींपाशीं बसून प्रत्येक शब्द, तो सांगणाऱ्याचें गांव, व जहाजाचा जो भाग त्यानें हातानें दाखविला तो भाग, अशी तीन रकान्यांची टिपणें करावीं. कोशांतील अर्थापेक्षां हात लावून दाखविलेला अर्थ या विषयांत अधिक प्रमाण होय, हें आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलों आहों.

आमची ती जुनी याद आम्हीं वतनी जुडग्यांतून काढून वेगळी बांधली आहे. समासांतील चुकीची टीप खोडली नाहीं. तिच्याखालीं शुद्ध अर्थ व तो सांगणारा हर्णें बंदरचा तांडेल, इतकें लिहिलें आहे. नातवास आम्हीं तीच याद दाखविली, व सांगितलें कीं, तुझ्या चित्रपटांतला तो मुका मनुष्य या भाषेंत बोलत होता.